सरासरी वेगाचा पुरावा : वेगमर्यादेच्या खटल्यांतील एका वादाचा इतिहास

१

वेगमर्यादेचा भंग हा गुन्हा इतर बहुतेक गुन्ह्यांहून एका बाबतीत निराळा आहे. चोरीचा माल सापडतो, बनावट दस्तऐवजाचा कागद हाती राहतो. वेग मात्र मागे काहीच ठेवीत नाही. वाहन पुढे निघून गेले की गुन्ह्याचा देहच नाहीसा होतो. न्यायालयापुढे उरते ती कोणाची तरी साक्ष किंवा कोणत्या तरी उपकरणाची नोंद. त्यामुळे वेगमर्यादेच्या खटल्यांचा इतिहास हा मुख्यतः पुराव्याचाच इतिहास झाला आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची जी यंत्रणा कार्यान्वित झाली, तीत एका ठिकाणच्या वेगाबरोबरच दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही मोजण्याची योजना आहे. अशा मोजणीवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. कायद्याने मनाई केली आहे ती विशिष्ट मर्यादेहून अधिक वेगाने वाहन हाकण्यास. सरासरी ही तर केवळ भागाकारातून निघालेली संख्या. वाहन नेमक्या कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या क्षणी मर्यादेबाहेर गेले, हे दाखविल्यावाचून मनुष्यास दोषी कसे ठरवावे? या आक्षेपाच्या मुळाशी अशी समजूत असते की सरासरी वेगाचा पुरावा ही इलेक्ट्रॉनिक युगातील नवलाई असून क्षणोक्षणीच्या वेगाचा पुरावा हाच जुना आणि रूढ प्रकार होय. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोटारगाड्यांवरील खटल्यांत मापनाचा पुरावा म्हणून जो प्रथम पुढे आला, तो सरासरी वेगाचाच होता. त्याविषयीचा खरा वाद गणिताचा कधीच नव्हता. तो अंतर, घड्याळ आणि चालकाची ओळख यांविषयीचा होता, आणि आजही तो तेथेच आहे.

२

या इतिहासाचा प्रारंभ इंग्लंडमध्ये करावा लागतो, कारण भारतातील तरतुदींचे मूळही तेथेच आहे. १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील स्वयंचलित वाहनांस खेड्यापाड्यांच्या मार्गावर ताशी ४ मैल आणि शहरांत ताशी २ मैल अशी मर्यादा घातली होती. ही मर्यादा वाफेच्या अवजड इंजिनांसाठी होती. परंतु मोटारगाडी अवतरली तेव्हा तीही याच कायद्याखाली आली. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील वॉल्टर अर्नोल्ड याने पॅडॉक वुड या गावातून ताशी सुमारे ८ मैल वेगाने गाडी नेली. एका शिपायाने सायकलीवरून पाठलाग करून त्यास गाठले आणि त्याला अन्य आरोपांबरोबर वेगाबद्दल एक शिलिंग दंड व खर्च भरावा लागला. मोटार चालकास वेगाबद्दल झालेली ही पहिली शिक्षा म्हणून सांगितली जाते. दोन मैलांच्या ठिकाणी आठ मैल, म्हणजे मर्यादेच्या चौपट वेग, असा प्रकार असल्याने तेथे सूक्ष्म मापनाची गरजच नव्हती.

ही गरज उत्पन्न झाली ती मर्यादा वाढल्यानंतर. १८९६ च्या अखेरीस नव्या कायद्याने मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत नेली व तिच्या अंमलबजावणीच्या नियमांनी ती १२ मैलांवर आणली. पुढे १९०३ चा मोटार कार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून ताशी २० मैल ही मर्यादा लागू झाली. याच कायद्याने प्रत्येक मोटारीस नोंदणी क्रमांक लावणे सक्तीचे केले. या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. क्रमांकपट्टीवाचून वेगाचा पुरावा कोणाविरुद्ध वापरावयाचा हेच ठरत नाही.

परंतु या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची तरतूद पुराव्याविषयीची होती. एकाच साक्षीदाराच्या वेगाविषयीच्या केवळ मतावरून २० मैलांची मर्यादा ओलांडल्याबद्दल कोणासही दोषी ठरविता येणार नाही, असे कायद्याने सांगितले. घोडागाडीच्या जगात वाढलेल्या माणसाला समोरून येणारी मोटार १८ मैलांनी येते की २३ मैलांनी, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणे कठीण होते. पहिल्या गुन्ह्यास १० पौंडांपर्यंत आणि तिसऱ्या व पुढील गुन्ह्यांस ५० पौंडांपर्यंत दंड होऊ शकत होता. एवढी शिक्षा एका शिपायाच्या अंदाजावर सोपविणे संसदेला मान्य झाले नाही.

३

या तरतुदीमुळे पोलिसांना मताच्या जागी मापन आणावे लागले, आणि त्या काळी उपलब्ध असलेले मापन एकच होते : ठराविक अंतर आणि ते तोडण्यास लागलेला वेळ. रस्त्याचा एक सरळ तुकडा, बहुधा एक फर्लांग म्हणजे २२० यार्ड, मोजून ठेवीत. एका टोकाशी एक शिपाई कुंपणाच्या झुडपाआड उभा राही; गाडी आरंभरेषेवरून जाताच तो हाताने वा रुमालाने खूण करी. दुसऱ्या टोकाचा शिपाई ती खूण पाहून स्टॉपवॉच सुरू करी आणि गाडी आपल्यासमोर येताच ते थांबवी. मोटारवाल्यांनी या व्यवस्थेस ‘सापळा’ हे नाव दिले. या सापळ्यात सापडत होता तो सरासरी वेगच होता. फर्लांगभर अंतरात गाडीचा वेग क्षणोक्षणी काय होता, हे कोणीच पाहत नव्हते. स्टॉपवॉचवर आधारलेली साक्ष हे नुसते मत नव्हे, हेही न्यायालयांनी लवकरच मान्य केले.

या पद्धतीतील दोष अंकगणितानेच दाखविता येतो. ताशी २० मैल वेगाने एक फर्लांग तोडण्यास २२.५ सेकंद लागतात. आता खूण दिसल्यानंतर घड्याळ सुरू करण्यास शिपायास एक सेकंद उशीर झाला, आणि शेवटी मात्र गाडी डोळ्यांसमोरून येत असल्यामुळे घड्याळ अचूक थांबले, असे धरावे. घड्याळात २१.५ सेकंद दिसतील आणि वेग ताशी सुमारे २०.९ मैल निघेल. म्हणजे मर्यादेत राहिलेला मनुष्य मर्यादेबाहेर गेलेला ठरेल. विशेष असे की ही चूक दोन्ही बाजूंना सारखी पडणारी नाही. खुणेच्या विलंबामुळे मोजलेला वेळ नेहमी कमीच भरतो आणि वेग नेहमी अधिकच निघतो. मोटारवाल्यांच्या तक्रारीत श्रीमंतांचा तोरा होता हे खरे. पण तिला असा एक वास्तविक आधारही होता.

या तक्रारीतूनच १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था लंडनमध्ये स्थापन झाली. तिचे सायकलस्वार पहारेकरी रस्त्यावर फिरून पुढील सापळ्याची सूचना सभासदांस देऊ लागले, आणि त्यावरून जे दोन खटले उच्च न्यायालयापर्यंत गेले, ते या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहेत. ‘बॅस्टेबल विरुद्ध लिटल’ या खटल्यात सापळ्याची सूचना देणाऱ्यावर पोलिसांच्या कामात अडथळा आणल्याचा आरोप होता. सूचना मिळाली त्या वेळी गाड्या बेकायदा वेगाने चालल्या होत्या असा पुरावाच नव्हता. तेव्हा गुन्हा घडला नाही, असे न्यायालयाने ठरविले. ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ या, १९१० च्या निर्णयसंग्रहात आलेल्या खटल्यात गाड्या आधीच मर्यादेबाहेर होत्या आणि पहारेकऱ्याच्या सूचनेमुळे त्यांनी वेग कमी केला. पोलिसांना आपला पुरावा पुरा करता आला नाही, म्हणून येथे अडथळ्याचा गुन्हा शाबीत झाला. त्यानंतर संस्थेने युक्ती बदलली : पहारेकरी सभासदास नेहमी सलाम करी, त्याने सलाम केला नाही तर चालकाने थांबून कारण विचारावे.

या दोन निर्णयांवरून सरासरीच्या पुराव्याचे एक लक्षण स्पष्ट होते. मोजलेल्या अंतराच्या पूर्वार्धात मर्यादा ओलांडलेला चालक उत्तरार्धात वेग उतरवून सरासरी पुन्हा मर्यादेत आणू शकतो. गुन्हा घडलेला असतो. पुरावा तेवढा नाहीसा होतो. म्हणजेच सरासरी दोषी माणसास निसटू देते. ती निर्दोष माणसास मात्र, मापन बिनचूक असल्यास, कधीच गुंतवीत नाही.

४

हे विधान थोडे उलगडून पाहणे अवश्य आहे, कारण आरंभी सांगितलेल्या आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे. कोणतीही वेगमर्यादा ही ज्ञात अंतरापुरती एका किमान वेळेची मर्यादाच असते. १० किलोमीटरच्या टापूत ताशी १०० किलोमीटर ही मर्यादा असेल, तर ती सर्वत्र पाळणाऱ्यास तो टापू ६ मिनिटांपेक्षा कमी वेळात ओलांडता येणे अशक्य आहे. जो साडेपाच मिनिटांत ओलांडतो, त्याने कोठे तरी मर्यादा मोडलीच आहे. कोठे, हे सांगता येणार नाही. पण मोडली, यांत संशयास जागा नाही. किंबहुना त्याचा सर्वाधिक वेग सरासरीइतका किंवा सरासरीहून अधिकच असला पाहिजे. आरोपी म्हणू शकतो की मी मध्येच थांबलो होतो, वळणावर सावकाश गेलो होतो; परंतु असे प्रत्येक स्पष्टीकरण त्याच्याविरुद्धच जाते, कारण थांबण्यात जितका वेळ गेला तितका उरलेला रस्ता त्याने अधिक वेगाने तोडलेला असतो.

उलट, ५० किलोमीटर अंतर ताशी १२० किलोमीटरने २५ मिनिटांत तोडून पाच मिनिटे चहासाठी थांबणाऱ्याची सरासरी बरोबर १०० निघते, आणि तो सुटतो. सरासरीचा पुरावा असा स्वभावतःच आरोपीस सवलत देणारा आहे. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीस द्यावा हे तत्त्व मान्य आहे. येथे तो फायदा गणितच देते.

मात्र मर्यादा बदलणाऱ्या मार्गावर हिशेब जपून करावा लागतो. १० किलोमीटरपैकी ६ किलोमीटरना १०० आणि घाटातील ४ किलोमीटरना ६० अशी मर्यादा असल्यास दोन्ही मर्यादांची साधी सरासरी ८० येते, अंतराच्या प्रमाणात काढली तर ८४ येते; पण दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्या भागास किमान ३ मिनिटे ३६ सेकंद आणि दुसऱ्यास ४ मिनिटे, असे एकूण ७ मिनिटे ३६ सेकंद लागले पाहिजेत. यावरून अनुज्ञेय सरासरी ताशी सुमारे ७९ किलोमीटर येते. तसेच अंतर मोजावयाचे ते रस्त्याच्या मध्यरेषेवरून नव्हे, तर वाहनास शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या मार्गाने. घाटातील वळणे आतील बाजूने कापणारे वाहन मध्यरेषेहून कमी अंतर तोडते, आणि हा फरक हिशेबात न घेतल्यास चालकावर अन्याय होऊ शकतो.

५

विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र सरासरीचा पुरावा मागे पडला. १९३० च्या कायद्याने ताशी २० मैलांची सर्वसाधारण मर्यादा उठविली. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागांत ३० मैलांची मर्यादा आली. एकाच साक्षीदाराच्या मतावर शिक्षा नको, हे तत्त्व नव्या कायद्यातही टिकले. पोलिसांच्या हाती आता मोटारी होत्या, आणि समोरच्या गाडीमागे समान अंतर राखून आपल्या गाडीचा वेगमापक पाहणे हा रूढ पुरावा झाला. ‘ब्रायटी विरुद्ध पिअर्सन’ (१९३८) या खटल्यात न्यायालयाने सांगितले की दोन शिपायांनी निरनिराळ्या क्षणी दिलेली मते एकमेकांस दुजोरा देत नाहीत. दोघांची साक्ष एकाच वेळच्या वेगाविषयी असली पाहिजे. ‘निकोलस विरुद्ध पेनी’ (१९५०) या खटल्यात, वेगमापक तपासून घेतल्याचा पुरावा नसतानाही त्यावरील आकडा शिपायाच्या साक्षीस पुष्टी देण्यास पुरेसा धरला गेला. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश पोलिसांकडे रडार आले, आणि गुन्हा म्हणजे एका क्षणी एका ठिकाणी दिसलेला आकडा, ही कल्पना लोकांच्या मनात रुजली. सरासरी ही काही तरी गौण व अप्रत्यक्ष गोष्ट आहे, ही समजूत याच काळाची निर्मिती होय.

सरासरी परतली ती कॅमेऱ्यांच्या द्वारे. रस्त्यावरील दोन निश्चित ठिकाणी वाहनाची उपस्थिती नोंदवून त्यावरून वेग काढणाऱ्या उपकरणास ब्रिटनमध्ये १९९९ साली पुराव्यासाठी मान्यता मिळाली. क्रमांकपट्टी आपोआप वाचणारे यंत्र आल्यामुळे फर्लांगाच्या जागी कित्येक किलोमीटर आले, आणि जुन्या सापळ्यातील मुख्य दोष पुष्कळ अंशी नाहीसा झाला. फर्लांगाच्या बावीस-तेवीस सेकंदांत एक सेकंदाची चूक सुमारे साडेचार टक्के होती. १० किलोमीटरच्या ३६० सेकंदांत तीच चूक पाव टक्क्याहून किंचित अधिक, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला जेमतेम ०.२८ किलोमीटर भरते. झुडपाआडचा रुमाल गेला, पण त्याच्या जागी दोन घड्याळांच्या मेळाचा प्रश्न आला. दोन कॅमेऱ्यांची घड्याळे परस्परांशी जुळलेली नसतील, तर सारा पुरावा निरुपयोगी होतो, आणि तो निरुपयोगी झाल्याचे बाहेरून कोणास दिसतही नाही.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ह्यूम महामार्गावर २००७ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली होती. २०१० मध्ये काही चालकांना चुकीने दंड झाल्याचे उघडकीस येताच ती बंद ठेवावी लागली. पुढे रस्त्यावरील कॅमेऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र आयुक्ताचे पद त्या राज्याने कायद्याने निर्माण केले. चुका थोड्या होत्या; परंतु यंत्राच्या पुराव्यावरील विश्वास एकदा ढळला की तो केवळ यंत्र दुरुस्त करून परत येत नाही, हे तेथील शासनाने ओळखले.

जर्मनीत वाद वेगळ्या दिशेने गेला. लोअर सॅक्सनी राज्यात हॅनोव्हरजवळील मार्गावर जानेवारी २०१९ मध्ये ही पद्धत सुरू झाली. मार्चमध्ये हॅनोव्हरच्या प्रशासकीय न्यायालयाने ती थांबविली. कारण असे की सरासरी काढण्यासाठी प्रत्येक वाहनाचा क्रमांक आरंभी टिपावा लागतो, मग त्याचा चालक निर्दोष का असेना. आणि नागरिकाच्या खाजगी जीवनातील अशा हस्तक्षेपास कायद्याचा स्पष्ट आधार नव्हता. राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती केल्यानंतर जुलै २०१९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने यंत्रणा पुन्हा सुरू करण्यास मोकळीक दिली. येथेही सरासरीच्या गणितावर कोणी बोट ठेवले नव्हते.

६

भारतातील कायद्यात या इतिहासाचे ठसे स्पष्ट दिसतात. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या आणि त्याची जागा घेणाऱ्या १९८८ च्या कायद्याच्या १८३ व्या कलमात एकाच साक्षीदाराच्या मतावर शिक्षा देण्यास मनाई आहे. त्या मतास यांत्रिक उपकरणाने काढलेल्या अंदाजाचा आधार असल्यास मात्र ती मनाई लागू होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ‘यांत्रिक’ या शब्दास ‘किंवा इलेक्ट्रॉनिक’ हे शब्द जोडले गेले. १९०३ मध्ये ब्रिटिश संसदेने व्यक्त केलेली शंका अशा रीतीने भारतीय कायद्यात आजही जिवंत आहे.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. एखाद्या मालकाने असे वेळापत्रक प्रसिद्ध केले किंवा असा हुकूम दिला की जो वेगमर्यादा मोडल्यावाचून पाळता येणे न्यायालयाच्या मते व्यवहार्य नाही, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच त्या मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा होतो. उदाहरणार्थ, ताशी ६० किलोमीटर मर्यादा असलेल्या रस्त्यावर ९० किलोमीटर अंतरासाठी सव्वा तास नेमून दिला, तर त्या वेळापत्रकानेच ताशी ७२ किलोमीटरची सरासरी मागितली आहे. हा निखळ सरासरी वेगाचा पुरावा होय. वाहन कोठे आणि केव्हा मर्यादेबाहेर गेले हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. म्हणजे सरासरीवरून मर्यादाभंगाचे अनुमान काढणे भारतीय कायद्यास परके नाही. कॅमेऱ्यांच्या कितीतरी आधी ते त्याने स्वीकारले आहे. शिवाय या तरतुदीने दोषाचा भार केवळ पगारी चालकावर न टाकता त्यास घाई करावयास लावणाऱ्यावरही टाकला, हा तिचा न्याय्य भाग आहे.

उरतात ते प्रश्न व्यवहाराचे आहेत. द्रुतगती मार्ग रायगड व पुणे या दोन जिल्ह्यांतून जातो. तेव्हा गुन्हा कोणत्या हद्दीत घडला? अनेक स्थानिक क्षेत्रांपैकी कोणत्या क्षेत्रात गुन्हा घडला हे अनिश्चित असल्यास त्यांपैकी कोणत्याही क्षेत्रातील न्यायालयात खटला चालू शकतो, हे तत्त्व १८९८ आणि १९७३ या दोन्ही फौजदारी प्रक्रिया संहितांत होते व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते राखले आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीस प्रमाणपत्राची जोड आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये महाराष्ट्रातील एका निवडणूक खटल्यातच, अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात, पुन्हा ठामपणे सांगितले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या १६७-अ या नियमानुसार अशा उपकरणास मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे. या अटी कोणास औपचारिक वाटतील. परंतु फर्लांगाच्या टोकाशी उभ्या असलेल्या शिपायाची उलटतपासणी घेता येत होती, घड्याळाची घेता येत नाही. प्रमाणपत्र हेच त्या उलटतपासणीचे स्थान घेते, आणि ते केवळ शिक्का मारलेला कागद झाले तर आरोपीचा बचावच नाहीसा होतो.

७

एकंदरीत पाहता, मर्यादेहून अधिक सरासरी म्हणजे मर्यादेचा भंग, हे अनुमान निर्विवाद आहे. परंतु ते ज्या तीन गोष्टींवर उभे आहे, त्या म्हणजे मोजलेले अंतर, जुळविलेली घड्याळे आणि ओळख पटलेले वाहन व चालक, या दर खटल्यागणिक सिद्ध कराव्या लागणाऱ्या आहेत. रस्त्यावर वेगाने जाणारे जीव वाचविणे हा शासनाचा निःसंशय धर्म आहे. आणि ज्याने मर्यादा मोडली नाही त्यास दंड न होणे हा नागरिकाचा तितकाच निःसंशय हक्क आहे. सरासरीचा पुरावा या दोहोंचा मेळ इतर पद्धतींहून अधिक चांगल्या रीतीने घालू शकतो, कारण तो क्षणाच्या चुकीवर अवलंबून नाही आणि संशयाचा फायदा स्वतःहून देतो. मात्र तो मेळ टिकावयाचा तर १९०३ च्या कायद्याने शिपायाच्या डोळ्यांविषयी जी सावध शंका बाळगली, तीच आज यंत्राविषयी बाळगली पाहिजे.